मर्यादित यश

मेहुणी : थांबा, भाऊजी. नऊ दवाखान्यांना कुलूप, आणि तुम्ही अहवालात लिहिणार ‘मर्यादित यश’?

मी : तीन उघडे आहेत ना.

मेहुणी : संस्थेनं काम कसं केलं ते तपासायला संस्थेनंच तुम्हाला ठेवलंय. म्हणजे नवऱ्यामुलाची चौकशी त्याच्या आईकडे!

मी : आई निदान एखादी खोड सांगेल. संस्थेला पैसे देणाऱ्या देशात निवडणूक आहे. दवाखान्यांची फीत त्यांच्याच मंत्र्यानं कापली. परवा त्यांचा राजदूत आमच्या साहेबांकडे चहाला आला होता. कप खाली ठेवेपर्यंत ‘बंद’चं ‘मर्यादित यश’ झालं.

मेहुणी : शब्द राजदूताचा?

मी : छे! त्याला कुठलं सुचतंय? माझाच, जुना. त्यावर बढती मिळाली होती.

मेहुणी : ताईला ठाऊक होतं?

मी : भाजी करपली की वाढताना म्हणायची, ‘घ्या, आज मर्यादित यश.’

मेहुणी : हसू नका. इस्पितळात ताईबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते? ‘औषधांना मर्यादित प्रतिसाद.’

मी : हो. आणि मी तुला फोन केला, की प्रतिसाद आहे, सावकाश ये.

मेहुणी : मी सावकाश आले.

मी : त्या शब्दाचा अर्थ ज्याला पक्का ठाऊक हवा, असा तिथे एकच माणूस होता. तोच फसला. आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या, आणि तिथे स्वतःच घालून बसलो.

मेहुणी : मला राग आला होता तुमचा. अजून आहे थोडा.

मी : असू दे.

(फोन वाजतो.)

मी : हो, साहेब... तयार आहे, वाचतो. ‘बारापैकी नऊ दवाखाने बंद आहेत. बायका बाळंतपणाला नदीपलीकडे जातात.’... नाही, ‘सध्या’ नको... निवडणुकीनंतरही बंदच असतील, साहेब... सही यावरच करीन. नाहीतर नाही... बरं.

मेहुणी : काय म्हणाले?

मी : तब्येतीला जपा म्हणाले. दुःखात माणूस टोकाचं लिहितो म्हणे.

मेहुणी : आणि अहवाल?

मी : दुसऱ्याकडून लिहून घेतील. चांगला लिहितो तो. माझ्याच हाताखाली तयार झालाय.