शनिवारचं लिंबू

मुखेडच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्यापुढं दोघं बसले होते. भुजंगरावांच्या हातात प्रयोगशाळेचा कागद होता, पाशामियाँच्या मांडीवर शेळीचं करडू.

“कशाचा कागद हाय, भुजंगराव?”

“म्हशीचा. मेल्यावर चिरून तपासली. काळजात तार निघाली, पाशामियाँ.”

“या अल्ला! काळजात कशी गेली?”

“डॉक्टर म्हणतो, चाऱ्यासंगं पोटात गेली अन् टोचत टोचत काळजात शिरली. त्याला काय कळतंय! शेजारच्या तुळजाबाईनं करणी केली. आता कागदच हाय माझ्याकडं.”

“कसली तार हाय?”

“बारीक. लिंबू-मिरची ओवतेत, तसली.”

“तुम्ही ओवता का?”

“दर शनिवारी. नजर लागू नये म्हणून गोठ्याच्या दाराला बांधतो. एक शनिवार चुकवला न्हाई.”

“अन् जुनं काढलेलं?”

“वाटंवर टाकलं तर कुणीतरी ओलांडंल, त्याला बाधा व्हईल. आपल्याला पाप नको. तिथंच दावणीत टाकतो.”

पाशामियाँनी करडू जवळ ओढलं.

“भुजंगराव, म्हैस लिंबू खाती का हो?”

“लई आवडीनं! दुसरीबी तशीच हाय. तिला मातर जपणार. आता मंगळवारीबी बांधतो.”