जाळीआडची पोरगी

मी मूळची अमरावतीची बरं का, राजापेठेची, आमची तिथे कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ होती, खानावळ म्हणजे आईची, बाबा नुसते गल्ल्यावर बसायचे आणि चार वाजले की मला सायकलच्या दांड्यावर बसवून ग्राउंडवर न्यायचे. तुम्ही पुण्याचे ना, तुम्हाला नवल वाटेल, पण आमच्याकडे तेव्हा पोरी सॉफ्टबॉल खेळायच्या, चांगल्या डिस्ट्रिक्ट, युनिव्हर्सिटी लेव्हलला, त्यामुळे क्रिकेटचं कौतुक मला सांगू नका.

मी कॅचर होते. म्हणजे बघा, पिचर चेंडू फेकते, समोर बॅटवाली उभी, आणि तिच्या मागे जी उकिडवी बसून चेंडू धरते ती कॅचर, तोंडावर लोखंडी जाळी, छातीला पॅड, पायाला पॅड, आणि वर विदर्भातलं ऊन. कोणालाच कॅचर व्हायचं नसायचं म्हणून मला केलं आणि मला तेच आवडलं, काय सांगू तुम्हाला, सगळ्या ग्राउंडवर सगळं दिसणारी तीच एक असते, बाकीच्यांच्या पाठी आऊटफिल्डकडे आणि हिचं तोंड सगळ्यांकडे. पण हिचं तोंड कोणाला दिसत नाही.

आई कधी आली नाही बघायला. येणार कशी, मॅच असायची दुपारी, आणि दुपारी चाळीस पोट्टे जेवायला. आणि तिला ते पटायचंच नाही, म्हणायची रोज गुडघे फोडून येतं, कोण करन लगन तुह्याशी. मी मेडल आणलं तर तिनं ते हळदीच्या हातानंच घेतलं, पाहिलं, आणि पिठाच्या डब्याच्या कडीला लटकवलं, तिथेच राहिलं ते कायमचं, पोळ्या करताना टणटण वाजायचं. मी रुसायचे, पण आता वाटतं, दिवसातून दोनदा तिच्या नजरेसमोर राहील अशी घरात दुसरी जागा कोणती होती?

लग्न झालंच, गुडघ्यांसकट. नितीन नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, त्याच्याबरोबर मी इथे अमेरिकेत, श्रूजबरीला आले. डिपेंडंट व्हिसा, काम करता येत नाही, घर बघून बघून किती बघणार, एक बेडरूमचं तर होतं. एक दिवस फिरायला गेले तर टाऊनच्या ग्राउंडवर बायका बेसबॉल खेळत होत्या आणि त्यांची कॅचर आलेली नव्हती, आणि जी बिचारी बसवली होती ती दर चेंडूला डोळे मिटत होती यार, मला बघवेना. मी गेले, सलवार-कमीजवरच, हात पुढे केला, ते ग्लोव्ह द्या म्हटलं, आणि बसले. त्या वीकएंडला महाराष्ट्र मंडळाचं पॉटलक होतं, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ न्यायचा ते जेवण, ते कॅन्सल केलं, आणि नंतर इतकी कॅन्सल केली की लोकांनी बोलावणंच बंद केलं.

पुढे ग्रीन कार्ड आलं, सॉफ्टवेअर तपासायची, क्यू-एची नोकरी लागली, ओवी झाली, आणि मग इथे बायकांची एक छोटीशी बेसबॉल लीग सुरू झाली, प्रोफेशनल बरं का! प्रोफेशनल म्हणजे हसू नका, अगदी सुरुवातीचे दिवस, आपली बॅग आपणच उचलायची, युनिफॉर्म आपणच धुवायचा, आमची पिचर मेगन शाळेत पीटी शिकवायची आणि मी सोमवारी सकाळी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून ऑफिसचा कॉल घ्यायचे, कॅमेरा ऑफ. पण कॉन्ट्रॅक्टवर सही केली त्या दिवशी मी बाबांच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं, बाबा, सायकल वसूल झाली.

पण गुडघे काही ऐकेनात. बसले तर उठवेना. मी आमच्या मॅनेजरकडे गेले, बेसबॉलमध्ये कोचला मॅनेजर म्हणतात, डॉन म्हणून, सत्तरीच्या पुढचा, तरुणपणी खालच्या लीगमध्ये पगारावर खेळलेला माणूस, म्हटलं डॉन, हा माझा लास्ट सीझन, पण रिटायर कसं व्हायचं असतं, आपल्या टीममध्ये अजून कोणी झालंच नाहीये. तर तो हसला, म्हणे आमच्या वेळी विचारायची वेळच यायची नाही, मी एका सकाळी बसमध्ये चढायला गेलो तर मॅनेजर दारातच म्हणाला, तुझी बॅग खाली ठेव, झालं, तो माझा निरोपसमारंभ, पुढच्या आठवड्यात मी सासऱ्याबरोबर लोकांची छपरं शाकारत होतो. तुला निदान दिवस निवडता येतोय, म्हणे, चांगला निवड.

मला हवं होतं एवढंच, की आईनं मला एकदा खेळताना बघावं. बाबा गेल्यावर खानावळ बंद झाली होती, आता तिला दुपारचं कारण नव्हतं. व्हिसा झाला, तिकीट केलं, जूनमध्ये आली. आली तीच पर्समध्ये विरजण घेऊन, सुकवलेलं, पुडीत बांधलेलं, म्हणे अमेरिकेच्या दह्यावर माहा भरोसा नाही. ओव्हनचा नुसता दिवा लावून त्यात दूध ठेवलं, सकाळी असं दही लागलं की सुरीनं कापावं.

नितीननं तिला मॅचला नेलं, सगळ्यात चांगली जागा घेतली, बॅटवालीच्या बरोबर मागे. घरी आल्यावर मी विचारलं, कशी वाटली मॅच? तर म्हणते, चांगली होती, पण तू कुठं होतीस? ओवी म्हणाली, आजी, she's the one in the mask! आई म्हणे, ते उकिडवं बसलेलं? अगं बाई, मला वाटलं ते चेंडू उचलून द्यायले ठेवलेलं माणूस हाय. आम्ही सगळे हसलो, मीपण हसले, आणि मग ती पदराला हात पुसत सहज म्हणाली, तुही पाठच दिसली मले. पाठ तर मी लहानपणापासूनच पाह्यते, सायकलवर बसून जायची तवापासून.

मला रात्रभर ते खुपत राहिलं हो. तिला बाजूला बसवली तरी माझ्या तोंडावरची जाळी ती जाळीच. आणि माझी एकच मॅच उरली होती.

त्या शेवटच्या मॅचला आई डबा घेऊन आली. आपल्यात कोणी कामाला निघालं की हातावर दही-साखर देतात, तसं तिनं आख्ख्या टीमला रांगेत उभं केलं, उजवा हात पुढे, चमचाभर दही, वर साखर. या पोरींना एवढं आवडलं, मेगननं तर दोनदा घेतलं, चाटून खाल्लं आणि हात पँटला पुसला. साखर पुसल्यानं जाते होय? त्यात उन्हाचा घाम. दुसऱ्याच इनिंगला समोरची बॅटवाली ओरडली, बॉल चिकट आहे. आता बेसबॉलमध्ये पिचरनं हाताला चिकट काही लावणं म्हणजे चीटिंग, सरळ मैदानाबाहेर. अंपायर आला, मेगनचा हात धरला, त्याची बोटं चिकटली, वास घेतला, म्हणे हे काय आहे. ती बिचारी खरं बोलली, योगर्ट. मी धावत गेले, सांगितलं की सर, हा आमचा आशीर्वाद असतो. तो म्हणाला, मॅम, असेलही, पण चिकट ते चिकट. काढली तिला! आणि आई वरून टाळ्या वाजवतेय, तिला वाटलं दह्यानं गुण दाखवला.

मग काय, दुसरी पिचर आली तिला त्यांनी धू धू धुतलं, तिसरीचा खांदा आदल्या दिवशीच दुखावलेला, शेवटच्या इनिंगपर्यंत आमचं इतकं वाटोळं झालं होतं की जिंकायचा प्रश्नच नव्हता. डॉन माझ्याजवळ आला, म्हणे आता चांगल्या पिचरचा हात उगाच कशाला थकवायचा, तू टाक. मी म्हटलं, मी? मी जन्मात कधी पिच केलं नाही. तो म्हणे जन्मभर बॉल धरून पिचरला परत फेकत आलीस ना, तेच कर, फक्त आता तिकडून. आणि स्वतःच माझी जाळी काढून घेतली.

मधल्या त्या मातीच्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिले. उभी राहिले हो, आयुष्यात पहिल्यांदा! आणि समोर बघते तर बॅटवालीच्या मागे, वर, बरोबर समोर आई. तिनं डोळ्यावर हात धरला, नीट बघितलं, आणि उठून उभी राहिली, अमरावतीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, ती पाहा, ती माही पोरगी हाय!

माझे चेंडू भलतीकडेच जात होते, पहिल्या दोघी बेस फुकट घेऊन गेल्या, तिसरीनं ठोकला, मग दोघी कशाबशा आऊट झाल्या, तीन झाल्या की डाव संपतो, आणि शेवटचीनं जो मारला तो सरळ माझ्या डोक्यावर उंच गेला. कॅचरची सवय काय असते, चेंडू वर गेला की आधी जाळी काढून फेकायची. मी हात वर केला, जाळी नव्हतीच, टोपी उडवली, केस मोकळे, आणि झेल घेतला. डोळ्यात पाणी होतं तरी घेतला.

नंतर आमची बॅटिंग आली आणि गेली, हरलो. पण सगळ्या पोरी मला मिठ्या मारत होत्या, त्यामुळे आईला वाटलं जिंकलो. ती खाली आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, कडाकडा बोटं मोडली, म्हणे एवढं चांगलं तोंड, काऊन झाकून बसत होतीस व तू इतके वर्षं? आजही तिकडे अमरावतीत शेजारणींना सांगते, माह्या पोरीनं शेवटची मॅच जिंकून दिली. मी काही तिची चूक सुधारत नाही. तिनं पाहिली ना मॅच, मग तिनं पाहिली तीच खरी.

आता शनिवारी टाऊनच्या मुलींना शिकवते, स्टूलवर बसून. पुढचे आठ महिने गुडघ्याच्या ऑपरेशनची चर्चा चालेल, मग करीन. आमच्या लीगमध्ये माझ्यानंतर अजून दोघी रिटायर झाल्या, दोघींनी मला विचारलं, कसं करायचं असतं, मी म्हटलं आईला बोलवा. मेगन अजून खेळते, मॅचच्या आधी येऊन जाते, विरजण अजून तेच चालू आहे, फक्त तिला आता हातावर देत नाही, चमच्यानं तोंडात घालते. आईला व्हिडिओ कॉलवर विचारूनच घेतलं, तिनं परवानगी दिली.

निघालात? थांबा, असं कोरडं जाऊ नका, एवढं हायवेनं ड्राइव्ह करायचंय. उजवा हात करा पुढे. घ्या. चिकटू दे हो, स्टिअरिंगचा वास घ्यायला कोणी अंपायर येत नाही. नीट जा, आणि आई असेल तर पोचल्यावर तिला फोन करा.