हात खिशात घालून पडलेला मामा

...न्हाई न्हाई, पाय दुखत न्हाई वो! पायाचं काय, प्लॅस्टर हाय, दीड महिन्यानं निघंल. तुमी बसा आधी. केळी कशाला आणली? ठिवा तिकडं, आधीच तीन डझन पडून हायत. तर मी काय सांगून राहिलो होतो... हां! पाय दुखत न्हाई. दुखतंय ते हितं, छातीत. आन घाबरू नका, हार्टचं न्हाई. इज्जतीचं हाय! एकतीस वर्षं, तुमाला सांगतो, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी. शिरूर अनंतपाळ ते लातूर, लातूर ते निलंगा, निलंगा ते नांदेड. सत्तर माणसं, चाळीस पिशव्या, दोन कोंबड्या आन एक बोकड, समदे माझ्या एका आवाजावर मागंपुढं सरकायचे. 'चला, पुढं सरका, दारात थांबू नका!' म्हन्लं की पुढाऱ्याचा माणूस बी गप सरकायचा. आन त्या मला, एका नववीतल्या पोरीनं, एवढ्याश्या आवाजात, भर जंगलात सांगितलं, 'मामा, आता तुमी बोलू नका.' बोलू नका! मला!

समदं त्या 'हात खिशात'मुळं झालं.

म्हंजे कसं, रिटायर झालो, घरी बसून बेजार. एक दिवस आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर आले. 'मामा, शाळेत स्काऊट-गाईडचं पथक हाय, पोरं-पोरी मिळून चोवीस. शीला मॅडम एकट्या पडायल्यात. तुमाला शिट्टी वाजवायची सवय हाय, या की मदतीला.' मी म्हन्लं, येतो! मला काय वाटलं? वाटलं, चोवीस पोरं, म्हंजे पाऊण गाडी बी न्हाई. एक शिट्टी मारली की सरळ! गळ्यात स्कार्फ बांधून आरशासमोर उभा राहिलो, तर वाटलं ड्युटी परत लागली.

पण आधी लातूरला ट्रेनिंग. तीन दिवस. शिकवायला पिराजी सर म्हणून एक वाळकुडे म्हातारे. पहिल्याच तासाला म्हणतात कसे, 'पथक पोरांचं हाय. ठरवतील पोरं, करतील पोरं, चुकतील बी पोरंच. तुमचं मोठ्यांचं काम एकच, हात खिशात! जिवावर बेतंल तवाच हात भाईर. बाकीच्या टायमाला हात खिशात आन डोळे उघडे.' मी उभा राहिलो. म्हन्लं, 'सर, आन तोंड?' तर ते माझ्याकडं बघून म्हनले, 'कंडक्टर होते ना तुमी? तुमी तोंड बी खिशात ठिवा.' समदा हॉल हसला!

बरं, ठीक हाय. हात खिशात. आता पथकाचा नायक निवडायचा. मी मनात पक्कं केलं होतं, आदर्श! दहावीतला पोरगा, उंचापुरा, आवाज असा की शाळेत 'सावधान' म्हन्ला तर रस्त्यावरची माणसं थांबायची. तर पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या आन निवडली कुणाला? दिपालीला! डाळमिलमधी कामाला असतो न्हाई का अंगद, त्याची पोरगी. बोलते इतकं हळू की तिच्यासमोर डास बी मोठ्यानं बोलल्यासारखा वाटंल. आन हुकूम द्यायचं सोडून विचारत बसते! 'तुला काय वाटतं? आन तुला?' अरे, शिबिराला भांडी कोणती न्यायची ह्यावर दीड तास! मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. मॅडम कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या. मी हळूच म्हन्लं, 'मॅडम, ह्यांना सांगा की काहीतरी!' मॅडम वर न बघता म्हनतात, 'मामा, हात खिशात.'

शिबिर ठरलं इस्लापूरला, सहस्रकुंड धबधब्याच्या बाजूला, डिसेंबरात. चार दिवस. पालक तयार न्हाईत. 'एवढ्या लांब? किनवटाकडं? पोरी घेऊन?' दिपाली घरोघर गेली, प्रत्येकाला विचारलं, 'भीती कशाची वाटते ते सांगा.' लिहून घेतलं, उत्तरं आणून दिली. चोवीसच्या चोवीस निघाले. मला वाटलं, हे बरं केलं पोरीनं... पण नांदेडच्या स्टँडवर काय झालं माहिताय? समदे घमेली-पातेली घेऊन चुकीच्या गाडीत चढले! आता मला बोर्ड दिसत न्हाई का? मला? झोपेत वास घेऊन सांगंन कोणती गाडी कुठं जाते! पण हात खिशात. दातावर दात ठिवून मी बी चढलो त्यांच्यामागं. गाडी सुटायला आली तवा दिपालीनं कंडक्टरला विचारलं, आन मग चोवीस पोरं, सामान, एक मामा, समदे खाली. तो कंडक्टर माझा वळखीचा निघाला. म्हन्ला, 'मास्तर, तुमी असून असं?' काय सांगू त्याला? खिशात हात हायत म्हणून सांगू?

पण एक हाय. त्या दिवसापासून पोरं प्रत्येक गाडीचा बोर्ड वाचून, कंडक्टरला विचारून, मगच पाय उचलायची. पहिल्या दिवशीची खिचडी वरून कच्ची, खालून जळालेली, आन मीठ न्हाईच. मी बघून राहिलो होतो मिठाचा डबा पिशवीतच हाय! हात खिशात. खाल्ली गप. दुसऱ्या दिवशी मीठ चाखायला त्यांनीच एक जण नेमला. तवा जरा मनात आलं, ते पिराजी म्हातारं खुळं न्हाई...

आता तिसरा दिवस. सकाळी समद्यांनी डोंगराकडं पायी जायचं. पुढं दिपाली, हातात नकाशा, मधी पोरं, मागं मॅडम आन सगळ्यात शेवटी मी. वाटेत एक वढा. पाणी घोट्याएवढं, पण दगडांवर शेवाळ. पोरांनी काय केलं, एकमेकांचा हात धरून पार. मॅडम पार. आन मी? तुमी हसू नका. मला इतकी सवय लागलेली, इतकी सवय, की मी त्या शेवाळाच्या दगडांवरून... दोन्ही हात खिशात घालून चाललो!

घसरलो. अवो, माणूस घसरला तर हात टेकतो! माझे हात कुठं होते? खिशात! ज्वारीचं पोतं पडावं तसा पडलो, आन पायातून असा आवाज आला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. पाय असा... वाकडा. रस्ता तिथून तीन किलोमीटर, मोबाइलला रेंज न्हाई. चोवीस पोरं काठावर उभी. एक बारकी पोरगी रडाया लागली. खरं सांगू? मी बी घाबरलो होतो. वाटलं, संपलं. आता मोठ्या माणसानं हात भाईर काढायची वेळ, आन एक मोठा माणूस पाण्यात पडलाय.

मॅडम आल्या. माझा बूट काढला, बोटं दाबून बघितली. 'मामा, बोटं हलवा. हलतात. जखम नाही, रक्त नाही.' मी म्हन्लं, 'मॅडम, काहीतरी करा!' मॅडमनी माझं डोकं मांडीवर घेतलं आन दिपालीकडं बघितलं. बस. बघितलं फक्त. मी मनात म्हन्लं, मेलो. आता ही पोरगी दीड तास सभा घेते.

तर ती खाली बसली आन तेच तिचं सुरू, विचारायचं! पण असं पटपट. 'प्रथमोपचाराचं कुणाला चांगलं येतं? तुमी दोघी पाय बांधा, चार काठ्या, समद्यांचे स्कार्फ. पळायला कोण जोरात? तुमी चौघं रस्त्याकडं, रेंज आली की एकशे आठला फोन, दोघं तिथंच थांबायचं, दोघं परत. मामा, तुमचं वजन किती?'

मी म्हन्लं, 'अठ्ठ्याहत्तर.'

'खरं सांगा मामा. किती पोरं लावायची ते ठरवायचंय.'

'...ब्याण्णव.'

कुणी हसलं न्हाई बगा. एरवी हसली असती. 'आठ जण एका वेळी, शंभर पावलांनी बदल,' ती म्हनली. 'आदर्श, तुझा आवाज मोठा हाय, तू पावलं मोज.' आन तो आदर्श, ज्याला मी नायक करणार होतो, नुसता 'हाव' म्हन्ला आन उभा राहिला. तोंडावर नाराजी न्हाई, काही न्हाई.

आता उचलायचं कशावर? रस्त्याकडं पळालेल्या पोरांना वाटेत कापूस वेचणारी एक बाई भेटली, पंचफुला नावाची. ती आपल्या शेतातल्या आखाड्यावरची बाज डोक्यावर घेऊन आली! माझ्याकडं बघितलं आन दिपालीला विचारते, 'कुणाचा हाय गं ह्यो म्हातारा?'

दिपाली म्हनली, 'आमचा हाय.'

...थांबा जरा. पाणी द्या.

हां. तर बाजेवर घातला मला. पाय असा बांधलेला की जरा बी हलत न्हाई. निघाली वरात. आदर्श मोजून राहिला, 'एक! दोन! तीन!' आन मी? मला राहवतंय का! पडल्यापडल्या सुरू, 'अरे उजवीकडं घ्या! फांदी हाय, फांदी! मागचे, पुढं सरका! पुढं सरका म्हन्लं ना!' मागच्यांनी ऐकलं माझं, पुढच्यांनी ऐकलं आदर्शचं, बाज तिरकी, मी निम्मा भाईर!

दिपालीनं हात वर केला. बाज खाली ठिवली. माझ्या कानाशी आली, कपाळावर घाम, आवाज तेवढाच हळू. 'मामा, आता तुमी बोलू नका. एकाचंच ऐकायचं ठरलंय.'

मी मॅडमकडं बघितलं. म्हन्लं, ह्या तरी काही म्हनतील. मॅडमनी काय करावं? माझे दोन्ही हात हळूच उचलले आन माझ्या खिशात घातले!

पुढं वाट फुटली. डावी जवळची, उजवी लांबची. आदर्शनं मोजणं थांबवलं, म्हन्ला, 'डावीकडून! मामाला दुखतंय, लवकर पोचू!' मला बी तेच वाटलं. तोंड उघडलं आन मिटलं. दिपालीनं पंचफुलाला विचारलं, 'मावशे, गाडी कोणत्या बाजूला येते?' ती म्हनली, 'डावीला पुढं खोल वगळ हाय गं, माणूस बी धरून उतरतंय. गाडी उजवीलाच.' दिपाली आदर्शला म्हनली, 'लांबून जाऊ. आता दोनदा जास्त खांदे बदलू, पण बाज सपाट राहील.' तो म्हन्ला, 'चल. एक! दोन!'

तुमाला सांगतो, आयुष्यभर मी माणसं वाहून नेली. पहिल्यांदा कुणीतरी मला वाहून नेत होतं. उताणा पडून आभाळ बघत होतो, चारी बाजूंनी घामेजलेली तोंडं, कुणाचा खांदा सोललाय, कुणी ओठ चावतंय, पण शंभर म्हन्लं की नवे आठ हजर. धक्का न्हाई. ती रडणारी बारकी पोरगी काठीला टोपी अडकवून माझ्या डोक्यावर सावली धरून पळत होती.

रस्त्याला आलो तर ॲम्ब्युलन्स उभी. ड्रायव्हर उतरला, मॅडमना विचारतो, 'इन्चार्ज कोण?' मॅडमनी दिपालीकडं बोट केलं. तो दोनदा बघतो! तिनं सांगितलं, किती वाजता पडले, काय बांधलं, पाणी किती पाजलं. आन माझा पोरगा नांदेडला असतो, त्याला फोन बी आधीच केलेला. दवाखान्यात डॉक्टरनी पट्ट्या सोडल्या आन म्हनले, 'बांधलं कुणी? मस्त बांधलंय. वाटेत हाड आणखी सरकलं न्हाई, म्हणून पाय वाचला म्हना.' मी म्हन्लं, 'नववीतल्या पोरींनी.' डॉक्टर म्हनले, 'आन पडताना तुमचे हात कुठं होते?'



आन ती बाज? त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत चार पोरं ती परत पोचवून आली. मला सुचलं नसतं. मोठ्या माणसाला सुचलंच नसतं. परवा हेडमास्तर सांगत होते, जे पालक नको-नको म्हनत होते ते आता धाकट्याला बी घ्या म्हणून मागं लागलेत. पथक चाळिशीवर गेलंय. पिराजी सरांचा फोन आला होता, हसून हसून ठसका लागला त्यांना.

काल दिपाली आली होती. उन्हाळ्यात पुढचं शिबिर हाय. 'मामा, सभा झाली. समदे म्हनले, तुमी पायजेतच. पण सगळ्यांनी संमतीपत्र भरायचं ठरलंय, पालकाच्या सहीचं.' मी म्हन्लं, 'अगं, मी साठीचा, पेन्शनवाला! माझा पालक कोण?' ती सरळ ओसरीवर गेली. तिथं आमची आई, साखराबाई, वय वर्षं ब्याऐंशी, तूर निवडत बसलेली. पोरीनं एकेक रकाना वाचून दाखवला. पाल्याचं नाव, व्यंकटी. अंगठा लावला आईनं! मी हितून वरडतोय, 'आई, समदं ऐक तरी!' तर ती मला, 'तू गप रे.' शेवटचा रकाना होता, पाल्याला काही आजार किंवा त्रास असल्यास लिहा. आईनं तुरीचं सूप बाजूला ठिवलं. मग म्हनली, 'लिही गं बाई. लई बोलतो. लहानपणापासून हाय.'

आन पोरीनं लिवलं वो... मी हितं पडल्यापडल्या हात खिशात घातले. खोटं थोडंच हाय?