आठ दिवसांची मुदत

प्राण्यांच्या आश्रमात एक आजी-आजोबा माझ्या शेजारी बसले होते. एका कुत्र्याच्या दत्तकाचा फॉर्म आजोबांच्या हातात होता, प्रश्न आजींचे होते.

“अहो, हाक मारली की येतो का तो?”

“ऐकू जरा कमी येतं त्याला.”

“घोरतो?”

“थोडंसं.”

“सोफ्यावर चढतो?”

“चढला की उतरत नाही म्हणे.”

“म्हणजे घरात आणखी एक.”

“अगं, आठ दिवस ठेवून बघायचं. नाही जमलं तर परत आणून सोडता येतं.”

“लग्नानंतर आठव्या दिवशी माझ्या आईनंही विचारलं होतं, परत येतेस का म्हणून.”

“हे कधी बोलली नाहीस. मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, बिचाऱ्याला दुसरं कोण घेणार? करा सही.”