परगावी

एनमच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या ठरावीक प्रकारांच्या, यादीत नवीन नाव नेहमी शेवटी टाका, मधे कधीच टाकू नका. मी एकदा टाकलं होतं.

म्हसवडजवळ आमचं गाव. तिथल्या यात्रा कमिटीचं ॲप मी कराडात बसून लिहिलं. प्रत्येक माणसापुढं दोनच प्रकार: गावात किंवा मयत. डेटाबेस शब्द ठेवत नाही, आकडा ठेवतो. गावात म्हणजे शून्य, मयत म्हणजे एक. यंदा 'परगावी' हवं होतं, ते मी दोघांच्या मधे घातलं. म्हणजे एक हा आकडा आता परगावीचा झाला आणि गावातले सगळे मयत परगावी गेले. मला पत्ताच नाही. त्यात प्रत्येक प्रकाराला आपोआप एक स्कोप मिळतो, नाव घेतलं की तेवढीच माणसं हजर. मी 'परगावी' म्हटलं आणि हजर झाले त्या सगळ्यांना मेसेज सोडला: 'यात्रेला किती जण येणार? जेवणासाठी कळवा.'

एकच उत्तर आलं. 'येतो. एकटाच.'

नाव बघितलं तर आमच्या शेजारचे बापू. त्यांना मीच खांदा दिलेला. त्या नंबरवर फोन लावला, तर नंबर अस्तित्वातच नाही म्हणे.

मग कमिटीच्या तात्यांना सगळं सांगितलं. "आवं तात्या, कुणीतरी चेष्टा केली असंल."

तात्यांनी एवढंच विचारलं,

"एकटाच म्हणला?"

"व्हय."

"बायकू तर सहा म्हयन्यांत त्याच्या मागनंच गेली रं. म्हंजी दोघांची अजून गाठ पडली न्हाई."