येते हां

अबोली: बॅग काढलीय आये, पण भरली नाही. पलंगावर तशीच आ वासून पडलीय. दहा वाजता संस्थेच्या बाई येणार आणि मग ठरवणार, मला जर्मनीत ठेवायचं की पाठवून द्यायचं.

मथुरा: पाठवून द्यायचं? पोरगी हायस का पार्सल? वर्षभर शाळेत ठेवतो सांगून नेलं ना त्यांनी? आता कुठं तीन महिने झाले!

अबोली: मी जिच्या घरी राहते त्या हाइके काकूंनीच फोन केला त्यांना. काकूच नको म्हणाल्या तर कोण ठेवणार मला? वाट लागलीय माझी.

मथुरा: नाक पूस आधी. काय केलंस?

अबोली: काहीच नाही केलं! काकू म्हणतात, मी खोटारडी आहे.

मथुरा: कुणा पोराबिरासोबत फिरलीस काय?

अबोली: आये!

मथुरा: विचारते गो. हात बोंबलांत हायत माझे, सुकत घालायचेत अजून ढीगभर. पन जीव तिथं हाय. नीट सांग.

अबोली: काल दुपारी शाळेतून आले, जेवले आणि हँडबॉलला गेले. पहिलाच दिवस होता. लेनानं घेतलं मला टीममध्ये. वर्गात ती एकटीच बोलते गं माझ्याशी, बाकीचे नुसतं हसतात आणि आपापल्या बाकावर जातात. फोन कपाटात ठेवायला लावतात तिथे. साडेसहाला बघते तर मैदानात पोलीस!

मथुरा: पोलीस?

अबोली: दोघे. सगळ्या टीमसमोर माझं नाव विचारलं. काकूंनी हरवल्याची तक्रार केली होती. रात्री वर्गाच्या ग्रुपवर फोटो, मी आणि पोलीस. आता लेनाही मेसेजचं उत्तर देत नाहीये.

मथुरा: मग बाय घाबरली असेल. परक्याची पोर, बाहेर काळोख. न सांगता गेलीस कशाला?

अबोली: सांगून गेले! दारातून ओरडून सांगितलं! आणि हे पहिल्यांदा नाही. एका रविवारी माझ्यासाठी केक करून दोन तास बसून राहिल्या, मी तळ्यावर गेलेले. एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेल्याच नाहीत, मी येईन आणि माझ्याकडे चावी नसेल म्हणून. काल म्हणाल्या, तू रोज माझ्या तोंडावर खोटं बोलतेस, मला तुझी जबाबदारी नाही झेपत. आणि रडल्या. मला ओरडल्या असत्या तर चाललं असतं यार.

मथुरा: परत ये मग. कोन काय खात नाय तुला इथं.

अबोली: जेट्टीवर अजून माझ्या अभिनंदनाचा बॅनर लटकतोय आये. त्याच्याखालून बॅग ओढत येऊ? खोटारडी म्हणून हाकलली, असं सांगू सगळ्यांना? मी नाही येणार. मरेन, पण अशी नाही येणार.

मथुरा: मरेन बोललीस तर तिथं येऊन थोबाड फोडीन. गप. मला सांग, दारातून ओरडलीस म्हंजे काय ओरडलीस?

अबोली: रोजचंच. येते हां.

मथुरा: मराठीत?

अबोली: वेडी आहेस का? त्यांच्या भाषेत. इश कोमे.

मथुरा: म्हंजे?

अबोली: म्हणजे येते. इश म्हणजे मी, कोमे म्हणजे येते.

मथुरा: आनि त्यांच्यातली मानसं घराबाहेर पडताना काय बोलतात?

अबोली: ती... ती म्हणतात, इश गेहे. जाते.

मथुरा: अगो बाय माझे! दारातून बाहेर पडताना तू ‘आले आले’ ओरडतेस आनि ती बिचारी ताट वाढून बसते!

अबोली: थांब. थांब आये.

मथुरा: काय झालं?

अबोली: केक. आये, तो केक. त्यांना वाटलं मी आलेच. रोज वाटत होतं.

मथुरा: तुला म्हाईत नव्हतं, जाते बोलतात ते?

अबोली: माहीत होतं. पेपरात लिहून मार्क घेतलेत. दारात आले की तोंडातून निघत नाही. जीभच वळत नाही गं.

मथुरा: वळनार कशी? मीच आवळून ठेवलीय ना ती.

अबोली: जाऊ दे आता.

मथुरा: जाऊ दे काय? तुझा बाप त्या सकाळी चपला घालताना ‘जातो’ बोलला. उभ्या जन्मात कधी बोलला नव्हता. समोर मढला जानाऱ्या होडीत बसला तो बसला. सात वर्षं झाली, दहा मिनटांवर हाय, समोरचा किनारा दिसतो रोज. नाय आला.

अबोली: मी ऐकलं होतं ते. दारामागे होते.

मथुरा: आनि दुसऱ्या दिवशी तू दप्तर घेऊन ‘जाते’ बोललीस, तर मी तुझ्या थोबाडीत मारली. नऊ वर्षांची पोर. शाळेत जायला निघालेली, काय चुकलं होतं तुझं?

अबोली: तेव्हापासून नाही म्हटलं मी. एकदाही नाही.

मथुरा: तेच सांग तिला. आमच्यात जाते नाय बोलत, जाते बोललेलं मानूस परत येत नाय. आई बोलली, चूक माझी हाय.

अबोली: बहाणा वाटेल. चौथीतल्या मुलीसारखा.

मथुरा: मग बापाचं पन सांग.

अबोली: परक्या बाईला?

मथुरा: तुझ्यासाठी डॉक्टरकडे नाय गेली ती, परकी कशी? सांग सगळं. माझी लाज नको राखू. आनि तिच्यासमोर बोलून दाखव. उद्यापासून दारात हेच बोलेन म्हनून.

अबोली: नाही जमणार.

मथुरा: जमंल. माझ्याकडे बोल आधी.

अबोली: तुला नाही म्हणणार मी ते. जर्मनीत म्हणेन, काकूंना म्हणेन. तुला नाही.

मथुरा: मला बोललीस तरच तिला बोलशील. मारायला हात नाय पोचत माझा तिथवर.

(दारावरची बेल वाजते.)

अबोली: संस्थेच्या बाई आल्या. काकू खालून हाक मारतायत.

मथुरा: चल, बोल.

अबोली: आये...

मथुरा: बोल गो.

अबोली: जाते.

मथुरा: ये.