मिठाचा पहारेकरी

त्याला माहीत होतं का, काका? — नाही, ते पाकीट राहू द्या तिथंच, नेतो मी, तुम्ही फोन केलात म्हणून तर आलोय — पण आधी हे सांगा. दादाला माहीत होतं का? आईला विचारलं तर ती चादरीच्या घड्या घालत राहिली. त्याच्या मित्रांना विचारलं, ते दर रविवारी खेळायला यायचे ते तिघे, तर तिघंही आपापल्या चपलांकडे बघायला लागले. तुम्ही तरी बोला. — बरं, बसतो. हात काळे आहेत, टायरच्या दुकानातून सरळ आलोय. लावत नाही तुमच्या पुस्तकांना.

तुमच्या दुकानातलं हे खालचं फडताळ ना त्याचं? इथंच मांडी घालून बसायचा. मी बाहेर सायकलवरून बोंबलतोय, अरे चल ना — आणि हा आतून, आलो आलो. कसला येतोय! लिफ्ट दुरुस्त करणारा एवढा बाप्या, पण त्या खेळाचं नवीन पुस्तक दिसलं की शेंबडं पोर व्हायचा. राक्षसांचं म्हणू नका, बुडालेल्या शहरांचं म्हणू नका. घरी येईपर्यंत दम नाही, रस्त्यातच उघडायचा. आधी मागचा नकाशा, मग राक्षस, नियम शेवटी — आणि सगळ्याच्या आधी वास. मलाही हुंगायला लावायचा. मी म्हणायचो, टायरसारखाच येतोय की. मला हसू यायचं त्या खेळाचं, खरं सांगतो. चार घोडे टेबलाभोवती बसणार, एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे म्हणणार मी तलवार काढतो, मी पळतो — आणि वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं, जगला की मेला. गोष्ट सांगणारा दादा, तलवारी काढणारे ते तिघे. म्हणायचो, तुमची लग्नं का होत नाहीत ते आत्ता कळलं. — हसा, हसा. तोही हसायचा.

मग डोक्यात ती गाठ निघाली आणि महिन्याभरात डोळे गेले. आणि नेमकं तेव्हाच तुमच्याकडून ते तळघरांचं पुस्तक आलं — हो, तेच, हिरव्या पाठीचं. छातीवर घेऊन पडून राहायचा, पानांवरून बोटं फिरवत. एके दिवशी मला म्हणाला, वाच. — आता हे कुणाला बोलू नका हं, काका. चौथीत शाळा सुटली माझी. दादानं मला संध्याकाळच्या वर्गात घातलं, दोन वर्षं, आणि ती दोन्ही वर्षं मी वर्गामागच्या मैदानात चेंडू बडवत होतो. पाटी वाचतो दुकानाची, अक्षराला अक्षर लावून, त्याच्यापुढं नाही. आणि ह्याला वाटायचं, शिकला धाकटा. आता कुठल्या तोंडानं सांगणार? भडकलो. म्हटलं, डोळे गेलेत तुझे, पुस्तकं कशाला पाहिजेत? आणि फेकलं भिंतीवर. कोपरा चेपलाय त्याचा, अजून तसाच आहे. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता हात पुढे करून बसला, पुस्तक परत हातात यायची वाट बघत. — मग काय, उचललं. आणि लागलो वाचायला.

वाचायला म्हणजे — चित्रं बघायची आणि ठोकून द्यायचं. एका पानावर पांढरा माणूस, दारात उभा, हातात दिवा. म्हटलं, हा मिठाचा पहारेकरी. तलवारीनं मरत नाही. पण रडला की विरघळतो, म्हणून राजाचा हुकूम आहे, ह्याच्यापुढं कुणी दुःखाचं बोलायचं नाही. कुठून आलं तोंडात, देव जाणे. दादा उठून बसला. म्हणाला, परत वाच. आता परत कसं वाचणार? पहिल्यांदा काय बोललो तेच आठवेना! पण त्या रविवारी त्यानं पडल्या पडल्या तो पहारेकरी खेळात आणला, आणि ते तिघे त्या दाराशी उभे राहून त्याला आपापलं दुःख सांगायला लागले. मोठाले बाप्ये, काका. फासा कुणी उचललाच नाही. असा खेळ कधी झाला नव्हता म्हणाले. काय पुस्तक आहे म्हणाले! मी भिंतीला टेकून उभा, कान लाल. पुढचे पाच रविवार माझेच राक्षस चालले.

दादा गेल्यावर त्या तिघांतला चष्मिश पुस्तक घेऊन बसला, अर्धा राहिलेला खेळ पुरा करायचा म्हणून. पानं उलटली. परत उलटली. म्हणाला, अरे, हे तर दरवाजांचं प्रकरण आहे — हा पुतळा आहे, सजावटीचा. मग सगळी पानं बघितली त्यांनी. कुणी शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. तेव्हाच विचारलं मी, दादाला माहीत होतं का — आणि ह्यांच्या चपला.

हे काय काढलंत? दादानं फोनवर ह्या पाकिटातलं पुस्तक मागवलं तेव्हा तुम्ही लिहून घेतलेलं? थांबा, मी वाचतो. मीच वाचतो म्हटलं ना! दुस-रा... भाग. चि-त्रं मोठी. म-ज... मजकूर. क-मी. चालेल. — चित्रं मोठी. आंधळ्या माणसाला चित्रं कशाला? — ह्याच शब्दांत मागवलं त्यानं? कधी? मी वाचायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात? म्हणजे पहारेकरी यायच्याही — नको. नका सांगू. काही बोलू नका आता.

द्या ते पाकीट. पिशवी नको.

शेवटच्या दुपारी पान उलटलं तर चित्रच नव्हतं. वरपासून खालपर्यंत नुसती अक्षरं. ठोकून देता आलं असतं, सवय झाली होती. पण त्याचा हात माझ्या मनगटावर होता आणि मला काही सुचेना. मग अक्षराखाली बोट ठेवलं आणि लावत गेलो. यादी होती, तळघरात उतरताना बरोबर काय न्यायचं त्याची. दो-र, पन्नास हात. कं-दील. ते-ल. दादा म्हणाला, आज हळू वाचतोयस. म्हटलं, अवघड पान आहे. म्हणाला, मग वाच सावकाश. त्याच्यानंतर बोलला नाही. खडू झाला, शिडी झाली, आणि मनगटावरची बोटं सैल पडली. कळलं मला, कळलं नाही असं नाही. आई पलीकडच्या खोलीत होती, हाक मारायची होती. पण अर्धं पान राहिलं होतं, काका. ते आधी पुरं वाचलं.